डाव्या पंखाची इस्त्री

"बाबांना काहीतरी छंद लावून द्यायला हवा," हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं ते प्रांजलीनेच. पुढे दाराशी विमान येऊन पडल्यावर या वाक्याची मालकी कोणाची यावर बरीच चर्चा झाली. नवरा, मकरंद, म्हणाला, मी तेव्हा कॉलवर होतो. सासूबाई म्हणाल्या, मी देवाजवळ होते. ज्याच्या त्याच्याकडे भक्कम पुरावा होता. नव्हता तो फक्त प्रांजलीकडे.

तिचा हेतू काही वाईट नव्हता. बाबा, म्हणजे तिचे सासरे पद्माकर, विमानांच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. आख्ख्या नोकरीत त्यांनी विमानाच्या दाराच्या बिजागरीची ड्रॉइंगं केली. फक्त बिजागरीची. दार दुसऱ्या खात्याकडे असे. निवृत्तीनंतर ही सगळी अचूकता एकदम घरात मोकळी सुटली. बेंगळुरात, मारतहळ्ळीच्या त्या बैठ्या घरातलं एकही दार करकरेनासं झालं, त्यामुळे कोण कधी खोलीत आलं ते कळेना आणि माणसं दिवसभर दचकू लागली. छोट्या नातीच्या, यशश्रीच्या, झोक्याच्या दोऱ्या त्यांनी इतक्या समतल केल्या की झोका हलायलाच नाखूश झाला. एकदा तर प्रांजली पोळ्या लाटत असताना ते पट्टी घेऊन मागे उभे राहिले, पोळीचा व्यास दोन बाजूंनी मोजला, आणि "हं" म्हणून निघून गेले.

त्या "हं"नंतर प्रांजलीने छंदाचं वाक्य उच्चारलं. "बागकाम करतील, पेटी शिकतील, नाहीतर लोक ती काड्यांची छोटी विमानं जोडतात ना, तसलं काहीतरी." यातले 'काड्यांची' आणि 'छोटी' हे दोन्ही शब्द वाऱ्यावर गेले. उरला तो शब्द बाबांनी मनावर घेतला.

विमान आलं ते उघड्या ट्रकवरून, तुकड्यातुकड्यांत. शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये ते कित्येक वर्षं कबुतरांच्या ताब्यात होतं. क्लबला जागा मोकळी हवी होती, बाबांना विमान हवं होतं. कबुतरांना कोणी विचारलं नाही. दोन माणसं शेजारीशेजारी बसतील एवढं ते जुन्या काळचं विमान. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पंखांत पातळ लाकडाच्या फासळ्या, आणि या सगळ्यावर कधी काळी ताणून बसवलेलं कापड. आता ते कापड चिंध्या होऊन लोंबत होतं. बाबांनी गाडी रस्त्यावर काढली, पोर्चला पत्र्याचा आडोसा केला आणि विमान आत घेतलं.

"हे काय, पद्माकरराव! खरंच विमान आणलं की तुम्ही!" शेजारचे रघुपती अण्णा कुंपणावरून वाकले. अण्णांचं घराणं बेंगळुरात कधी आलं हे आता खुद्द त्यांच्या घरातही कोणाला सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण विचार करायची वेळ आली की कन्नडमध्ये जातात. गल्लीच्या संघाचे ते चिटणीस, त्यामुळे गल्लीत घडणारी कुठलीही गोष्ट आधी त्यांना कळायला हवी असा एक अलिखित नियम होता, आणि विमानाने तो मोडला होता.

"दुरुस्त करणार आहे," बाबा म्हणाले.

"सरी, सरी. मायलेज किती देतं?"

बाबांनी शांतपणे उत्तर दिलं. बाबा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत, हीच तर अडचण होती. मग अण्णांनी सल्ला दिला की नाक उत्तरेला नको, घरातला कर्ता माणूस घरात टिकत नाही. त्यांच्या पत्नी कमलाअक्का म्हणाल्या की शेपटीला काळा दोरा बांधा. समोरच्या घरातल्या मुलाने लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्याल का विचारलं. पेपरवाल्याला मात्र काहीच वाटलं नाही. तो पेपर पंखाखालून आत सरकवू लागला.

प्रांजलीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. ती औषधाच्या खोक्यातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई. यशू जन्मल्यापासून तिचा एक डोळा यशूवर आणि दुसरा यशूला लागू शकेल अशा प्रत्येक वस्तूवर असे. सर्जापूर रोडच्या आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने टेबलांचे, पलंगांचे, एवढंच काय खिडकीच्या कट्ट्याचेही कोपरे मऊ फोम लावून गोल करून टाकले होते. सासरी राहायला यायचं कारणही तेच होतं; इथे मुलीवर लक्ष ठेवायला घरची माणसं होती. आणि आता त्याच घरात पंखा होता. छताचा नव्हे, विमानाचा. त्याच दिवशी तिने उरलेला फोम काढला आणि पंख्याच्या पात्यांच्या दोन्ही टोकांना चिकटवून टाकला.

बाबांनी तो दुसऱ्या दिवशी हळुवार सोलून काढला. "प्रांजली," ते म्हणाले, "विमानाला टोकं असतात."

"पण बाबा, हे पूर्ण झाल्यावर तुम्ही करणार काय याचं?"

"करणार काय म्हणजे? उडणार हे." आणि मग जे सांगितलं ते त्यांनी, बिजागरीबद्दल बोलत त्याच सुरात सांगितलं, म्हणून ती जास्तच धास्तावली. "एवढी वर्षं विमानं बनवली असं लोक म्हणतात. मी एकही बनवलं नाही गं. हे मी बनवीन, आणि याच्या उजव्या सीटवर बसून एकदा वर जाईन. चालवेल क्लबचा पायलट. एकच चक्कर. मग दिलं तरी चालेल कोणाला."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. एका पक्षात बाबा, सासूबाई आणि यशू. दुसऱ्या पक्षात प्रांजली. मकरंद मध्यस्थ होता, म्हणजे कॉलवर होता. प्रांजलीची भूमिका अशी की विमान पूर्ण व्हावं, बाबांचा वेळ छान जावा, पण ते उडू मात्र नये. अशी भूमिका बोलून दाखवता येत नाही. म्हणून प्रांजली ती मनातच ठेवी आणि वरून विचारी, "बाबा, चहा?"

काम सुरू झालं तसा तिचा जीव आणखी खालीवर होऊ लागला. कापडावर लावायचं डोप नावाचं एक द्रव्य आलं. त्याला नेलपॉलिशचा कारखाना पेटावा तसला वास येई, आणि ते खरोखरच पेटू शकतं हे डब्यावर लिहिलेलं तिने सगळं वाचून काढलं. मग तिने पोर्चजवळ उदबत्ती बंद केली, गॅसजवळची खिडकी बंद केली, आणि अण्णा विडी ओढत कुंपणाशी आले की ती खिडकीतून इतकं रोखून बघे की अण्णांनी पुढे विडी मागच्या अंगणात हलवली.

पण कापडाच्या कामाला मजा होती, हे तिलाही कबूल करावं लागलं. या नव्या जातीच्या कापडाची पद्धत अशी: आधी ते फासळ्यांवर सैलसर चिकटवायचं. मग त्यावरून इस्त्री फिरवायची की ते आक्रसून ताठ होतं. मग प्रत्येक फासळीशी ते दोऱ्याने शिवायचं, आणि शेवटी डोप. शिवायला पंख उभा ठेवतात आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागतो. अलीकडच्याने लांबलचक सुई आरपार खुपसायची, पलीकडच्याने ती ओढून पुन्हा परत पाठवायची. सासूबाईंचा गोधडीवर हात बसलेला होता, म्हणून पलीकडे त्या बसल्या. उजवा पंख या दोघांनी असा शिवला, एकमेकांचं तोंड न बघता.

"ओढलंस?" इकडून बाबा.

"ओढलं."

"घट्ट?"

"अहो, लग्न झाल्यापासून घट्टच ओढतेय."

"सुलभा, गाठ आधी डावीकडून."

"मला गाठ शिकवू नका. तुमच्या मुलाच्या कुंच्या कोणी शिवल्या?"

मग सुई पुन्हा जाई-येई. इतकं सलग बोलणं या दोघांत प्रांजलीने आधी कधी ऐकलं नव्हतं. उजवा पंख पूर्ण झाला तेव्हा बाबांनी त्यावर बोट वाजवलं, आणि तो तबल्यासारखा बोलला.

इस्त्रीच्या बाबतीत मात्र बाबा कडक होते. त्यांची एक वेगळी छोटी इस्त्री होती. थर्मामीटर लावून तिच्या चकतीवर त्यांनी खुणा केल्या होत्या आणि ती कपाटात कुलपात ठेवली होती. कापड तीन टप्प्यांत तापवायचं, आधी कमी, मग मध्यम, मग थोडं जास्त, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने. का, ते त्यांनी घरातल्या सगळ्यांना अंशांसकट समजावून सांगितलं होतं. इतकं समजावून सांगितलं होतं की कोणीही ते ऐकलं नव्हतं. बाबा अंशांवर आले की घरातले सगळे मान डोलवत. प्रांजलीनेही डोलावली होती.

आणि मग सरकारी माणूस आला.

झालं असं, की सांगाडा आणि उजवा पंख आत असताना डावा पंख पोर्चमध्ये मावेना. त्याचं टोक कुंपणावरून गल्लीवर आलं. कोणीतरी तक्रार केली. कोण ते कधी कळलं नाही, पण लग्नाआधीच्या फोटोंना नकार मिळालेल्या समोरच्या घराकडे बघत सगळे 'आपल्याला काही माहीत नाही' म्हणत. आलेल्या माणसाने पंखाला प्रदक्षिणा घातली.

"हे वाढीव बांधकाम आहे," त्याने हिंदीत सांगितलं.

"बांधकाम नाही. विमान आहे."

"मग वाहन. नंबर प्लेट कुठे?"

"विमानाला तशी प्लेट नसते. अंगावर अक्षरं रंगवतात. अजून रंगवायची आहेत."

"म्हणजे बिननंबरचं वाहन, रस्त्यावर." त्याने पंख हाताने दाबून पाहिला. "हे आत लाकूड आणि वर कापड?"

"हो."

त्याचा चेहरा उजळला. लाकूड आणि वर कापड असलेली, रस्त्यावर आलेली वस्तू त्याच्या ओळखीची होती. "हा मंडप आहे! सणासाठी मंडपाला सूट असते. दसऱ्यापर्यंत राहू द्या, मग काढा." आणि तो सगळ्यांवर उपकार करून निघून गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या पंखासाठी ते रात्री झोपेत पुटपुटत, त्याला मंडप म्हणणं त्यांना फार लागलं. पण अण्णांना त्यात संधी दिसली. "मंडप म्हटलं ना तो? आयतु, झालं तर! मग मंडपात कार्यक्रम नको? उद्या परत येऊन विचारील, कुठाय सण? आयुधपूजा इथेच करूया की, सगळ्या गल्लीची." आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, पण बेंगळुरात तिचा थाट वेगळा. गाड्या, रिक्षा, लेथ मशिनं, सगळ्यांना केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि कुंकू भरलेला पांढरा कोहळा रस्त्यावर आपटून फोडतात. विमानाची आयुधपूजा अण्णांनीही पाहिली नव्हती. त्यांनी आख्ख्या गल्लीला बोलावणं केलं.

बाबा आधी नको म्हणाले, पण मग त्यांचे कारखान्यातले मित्र संताजी येऊन गेले. संताजी विमानं तपासून ती उडायला योग्य आहेत अशी सही देत. त्यांच्या सहीशिवाय काही वर जात नसे. त्यांनी सांगाडा, उजवा पंख, इंजिन, सगळं बघितलं, फासळ्यांवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "पद्या, डावा पंख तेवढा ताणून शिवून घे. मग मी सही करतो आणि तुला वर पाठवतो." त्यावर बाबा पूजेलाच काय, कशालाही हो म्हणाले असते.

नवमीच्या सकाळी बाबा आणि अण्णा कोहळे आणि केळीचे खुंट आणायला बाजारात गेले. डावा पंख मांडणीवर आडवा ठेवला होता. त्याचं कापड चिकटवून झालं होतं, पहिली, कमी तापाची इस्त्रीही झाली होती. सासूबाई रांगोळी घालून उठल्या, कंबरेवर हात ठेवून पंखाकडे बघत राहिल्या.

"प्रांजली, हे बघ गं. सुरकुत्या दिसताहेत."

"बाबा म्हणाले ना, अजून दोन वेळा करायचंय."

"ते करतील दिवाळीपर्यंत. आज आख्खी गल्ली येतेय. कमलाअक्का तर साडीची निरीसुद्धा बघते. म्हणेल, पद्माकरांच्या घरी पिळून तसंच वाळत घातलंय."

आता खरं म्हणजे प्रांजलीला काय पडलं होतं? ती दुसऱ्या पक्षातली. पण आदल्या दिवशी संध्याकाळी तिने एक पाहिलं होतं. बाबा विमानाच्या उजव्या सीटवर बसले होते, मांडीवर यशू. यशू दांडा ओढत होती आणि बाबा म्हणत होते, "आता खाली बघ, आपलं घर दिसतंय. ती आई. कपडे वाळत घालतेय." आणि यशू खरंच खाली, पोर्चच्या फरशीकडे बघून हात हलवत होती. बाबांच्या हातात पट्टी नव्हती. ते काहीच मोजत नव्हते. प्रांजली कपड्यांची बादली घेऊन तिथेच थबकली होती, आणि तिचा पक्ष त्या क्षणी फुटला होता. बाबांच्या कामाला आज कोणी हसू नये, असं तिला सकाळपासून मनापासून वाटत होतं. इतक्या महिन्यांत तिने या विमानासाठी चहाशिवाय काही केलं नव्हतं.

बाबांची इस्त्री कुलपात होती. घरातली कपाटावर होती.

इस्त्रीत प्रांजलीचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. मकरंदचे शर्ट ती असे करी की ते घालून बसायला तो घाबरे. तिने चकती कॉटनवर नेली, म्हणजे शेवटच्या आकड्यावर, कारण सुरकुत्या हट्टी होत्या. सवयीने पाण्याचा हबका मारला. यशूला दूर, पायरीवर बसवलं; वायर कोणाच्या पायात येणार नाही अशी भिंतीकडून घेतली; जमीन कोरडी आहे हे बघितलं. जे जे धोक्याचं होतं ते सगळं तिने बघितलं. मग इस्त्री टेकवली.

काय सुंदर निघत होत्या त्या सुरकुत्या! हात फिरेल तिथे कापड ताठ, गुळगुळीत, आरशासारखं होत होतं. एक बाजू तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण केली. उजव्या पंखापेक्षाही छान. सासूबाई म्हणाल्या, "हे झालं काम!" यशू पायरीवरून उतरून आली, तिने चापट मारली आणि ढोल वाजला. प्रांजली हसली. या घरात आल्यापासून इतकी मोकळी ती हसली नव्हती.

मग आतून आवाज आला. कट्.

तिला वाटलं, इस्त्रीचा खटका पडला. पुन्हा, कट्. मग ओळीने, कट्, कट्, कट्, कोणीतरी बोटं मोडावीत तसं. आणि भाजताना पापड कडेने वर उचलतो ना, तसा तो पंख तिच्या डोळ्यांदेखत इस्त्रीच्या बाजूने हळूहळू वर वळला. शेवटी आत कुठेतरी खोलवर एकच मोठा आवाज झाला. मग काहीच नाही.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

नेमके तेव्हाच फाटकातून बाबा आले. दोन्ही हातांत, मूल धरावं तसा, एक मोठा कोहळा. मागे अण्णा, केळीचे खुंट आणि निम्मी गल्ली. बाबांनी पंखाकडे पाहिलं, मग प्रांजलीच्या हातातल्या इस्त्रीकडे. कोहळा त्यांनी अगदी हळू खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता ते ओरडतील, असं प्रांजलीला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इस्त्री बंद कर, बाळा," ते म्हणाले. "हात भाजेल."

"स्वल्प ॲडजस्ट करता येईल की, पद्माकरराव," अण्णा हळूच म्हणाले. त्यांना तेवढंच सुचलं.

पूजा झाली. बोलावलेले लोक परत कसे पाठवणार? पंखावर सासूबाईंची नवी चादर घातली. कमलाअक्का चादरीचं कौतुक करून गेल्या. बाबांनी सांगाड्याला हळदकुंकू वाहिलं, आरती केली, कापूर डोपच्या डब्यांपासून लांब ठेवा असं दोनदा बजावलं. कोहळा अण्णांनी फोडला. सगळ्यांना प्रसाद पोचला की नाही हे बाबा जातीने बघत होते. प्रांजली स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडली. मग यशूला शोधायला बाहेर आली, कारण रडायलाही तिला सलग वेळ मिळत नसे.

दसरा उलटल्यावर संताजी आले. बाबांनी पात्याने कापड चिरलं. प्रांजली मुद्दाम तिथे उभी राहिली. शिक्षेला हजर राहावं तशी. आत फासळ्या मोडून पडल्या होत्या, आणि पंखातून लांबलचक गेलेला मुख्य वासा मधोमध उभा चिरला होता. संताजींनी त्या चिरेत नख घालून पाहिलं आणि मान हलवली. "पद्या, हे लाकूड इथे मिळत नाही. परदेशातून आणायचं, सगळा पंख नव्याने भरायचा..."

"नको," बाबा म्हणाले. "तोवर माझे डोळे राहायचे नाहीत." मग ते प्रांजलीकडे वळले, आणि नेहमीच्या बिजागरीच्या सुरात म्हणाले, "बरंच झालं. आतले सांधे कुजलेले होते. जुना डिंक. वर गेल्यावर सुटले असते. तू इस्त्री केलीस म्हणून जमिनीवर कळलं."

पण प्रांजली बघणारी बाई. मोडलेली एक फासळी तिच्या समोरच होती. सांधा जिथल्या तिथे घट्ट होता, डिंकाची रेघसुद्धा हलली नव्हती. मोडलं होतं ते त्याच्या शेजारचं, चांगलं, पिवळंधमक लाकूड. तिची नजर तिथे गेल्याचं बाबांच्या लक्षात आलं, तसा त्यांनी तिथे अंगठा ठेवला.

संताजींनी बाबांच्या अंगठ्याकडे पाहिलं. खोट्या कागदावर आयुष्यात सही न केलेला माणूस तो. "हो," ते म्हणाले. "सांधेच." आणि चहा न घेता गेले.

पोळीचा व्यास दोन बाजूंनी मोजणारा माणूस, आणि तिच्यासाठी खोटं बोलला. आता माफी मागायची तर आधी त्यांना खोटं ठरवायचं. म्हणून तिने मागितली नाही. आज मागू, उद्या मागू म्हणत राहिली, आणि तोवर ते खोटं गल्लीत पोचलं.

अण्णांनी ते ऐकलं मात्र, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐन नवमीला! देवीच्या हातात शस्त्र असतं, इथे सुनेच्या हातात इस्त्री! कमलाअक्का येऊन प्रांजलीची दृष्ट काढून गेल्या. पेपरवालासुद्धा पेपर हातात देऊ लागला. "असं काही नाही हो," प्रांजली प्रत्येकाला सांगे, आणि लोक म्हणत, बघा, किती विनम्र. विमान तेवढ्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजने नेलं, आवारात ठेवायला. उडायचं नसल्यामुळे वळलेला पंख त्यांना चालणार होता. भिंतीकडे करून लावू म्हणाले. ट्रक वळणावरून गेला तेव्हा बाबा फाटकात उभे होते. मग आत येऊन त्यांनी पोर्च धुतला आणि गाडी आत घेतली, अगदी मधोमध.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला राज्योत्सव, कर्नाटकाचा स्थापना दिन. गल्लीच्या टोकाच्या मैदानात लालपिवळा झेंडा लागला, मुलांची गाणी झाली, आणि माइकवर अण्णांनी घोषणा केली की यंदाचा सत्कार आपल्या गल्लीच्या सुनेचा. प्रांजली मागच्या रांगेत यशूची वेणी घालत होती. तिला हाताला धरून वर नेलं. शाल घातली, चंदनाचा हार घातला, फळांची परडी दिली, आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडची पगडी, ठेवला. पेटा पुरुषी मापाचा. तो थेट भुवयांवर आला. एका डोळ्याने तिला यशू दिसत होती. दुसऱ्या डोळ्यापुढे पेट्याची जरीची किनार होती.

बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांचं कन्नड कारखान्याच्या कँटीनमध्ये शिकलेलं. "नम्म सोसे," ते माइकमध्ये म्हणाले, "नन्न प्राण उळिसिदळु." माझ्या सुनेने माझा जीव वाचवला. मैदान उठून उभं राहिलं. मकरंदने आयुष्यात पहिल्यांदा फोन खिशात ठेवून टाळ्या वाजवल्या. मग माइक प्रांजलीपुढे आला. खरं काय ते सांगायला ती माइकशी वाकली. पण तोंडातून आलं ते "धन्यवादगळु", आणि तेही पेट्यामुळे अर्धं आत राहिलं.

घरी चालत येताना सासूबाई आणि मकरंद पुढे होते. बाबांच्या हातात फळांची परडी, प्रांजलीच्या कडेवर यशू, काखेत पेटा.

"बाबा," ती म्हणाली, "ते सांधे चांगले होते."

बाबांनी परडी दुसऱ्या हातात घेतली. "हो," ते म्हणाले. "उत्तम होते. मी स्वतः भरले होते."

"मग मी सगळ्यांना सांगते. आत्ता जाऊन अण्णांना..."

"छे, छे. शाल परत करायची म्हणजे अण्णा पुन्हा कार्यक्रम ठेवतील."

ती हसली, आणि हसता हसता तिला पुढचं दिसेनासं झालं. "चुकलं माझं, बाबा."

"माझंही. कुलूप लावायचं ते घरातल्या इस्त्रीला लावायला हवं होतं." त्यांनी परडीतलं एक केळं सोलून यशूला दिलं.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. जुन्या विमानतळाच्या बाजूने एक लहानसं विमान झाडांवरून वर चढत होतं. "आजोबा, ते बघा! ते बघा!" यशूने केळ्यासकट हात वर केला.

बाबा वाकले आणि चपलेतला खडा काढू लागले. बराच वेळ काढत राहिले, आवाज पार मिटेपर्यंत. चपलेत खडा नव्हता. प्रांजली यशूच्या तोंडाला लागलेलं केळं पुसत उभी राहिली.